तीन सूत बाहेर

२८ सप्टेंबर, सोमवार

लिनेट सकाळी येऊन म्हणाली, "आई, घरी बसून भिंतींशी भांडण्यापेक्षा दुकानात ये आणि बाबांची कार्डं कॉम्प्युटरमध्ये घाल."

मी भिंतींशी भांडत नाही. भिंती उलट उत्तर देत नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा. राग मात्र कुठेतरी ठेवायला हवा, म्हणून ही वही.

माझा नवरा नॉर्ब जाऊन चौदा महिने नऊ दिवस झाले. हार्बर लेन्स या बोलिंगच्या हॉलच्या कोपऱ्यातल्या त्या दुकानात त्याने चौतीस वर्षं पिना पाडायच्या जड बॉलना बोटांसाठी भोकं पाडली. आमच्या शिबॉयगन गावात जो कोणी लीगमध्ये खेळतो त्याच्या हाताचं एक कार्ड नॉर्बकडे आहे: अंगठ्यापासून बोटांपर्यंत अंतर किती, भोक किती रुंद, कुठल्या बाजूला किती कललेलं. एकोणीसशेच्या वर कार्डं, सगळी त्याच्या अक्षरातली. आता हार्बर लेन्सचा मालक डिकी याला ती भिंत खेळाच्या मशिनांसाठी हवी आहे. कार्डांची कपाटं जाणार.

"भरून झाल्यावर कार्डांचं काय?" मी विचारलं.

"बघू."

हे 'बघू' मला माहीत आहे. म्हाताऱ्या कुत्र्याबद्दलही आम्ही असंच म्हणालो होतो.

मापं साठवायचा तो कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम तिने बाप जिवंत असतानाच आणला होता. ऑक्टोबर दोन हजार सात. नॉर्ब तेव्हा रोज दुकानात उभा राहत होता आणि ही त्याच्या पाठीमागे त्याची जागा घेणारं यंत्र लावत होती. ते मी विसरलेले नाही. तरी मी जाणार आहे. कार्डं दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाहीत.

१ ऑक्टोबर, गुरुवार

पहिला दिवस. लिनेटने माझ्या नावाने आत शिरायची सोय करून दिली. 'व्हर्ना' आणि मग गुप्त शब्द. गुप्त शब्द काय ठेवला ते इथेही लिहिणार नाही.

प्रोग्रॅमचं माहितीपुस्तक घरी आणलं. मी दहावीत शाळा सोडली, पण तेव्हापासून वाचनालयातली तीन कपाटं वाचून काढली आहेत, आणि इतकं वाईट लिहिलेलं पुस्तक पाहिलं नाही. दर पानावर 'हे अगदी सोपे आहे' असं लिहिलंय. जे सोपं असतं त्याच्याबद्दल एकशे चाळीस पानं लिहीत नाहीत.

मी दोन बोटांनी टंकते. लिनेट मागून बघत होती. म्हणाली, "या वेगाने ईस्टरपर्यंत होईल."

"तू घाईत जन्मलीस, तीन आठवडे आधी," मी म्हटलं. "त्याचं काय भलं झालं?"

हसली. ती हसली की नॉर्बसारखी दिसते, आणि मला आणखी राग येतो.

६ ऑक्टोबर, मंगळवार

एकशे बारा कार्डं. नॉर्ब सगळं सुतात मोजायचा, इंचाचे आठ सूत. मापाच्या खाली तो कधी कधी काहीतरी लिहायचा. 'लग्नाच्या गडबडीत आहे, बोटं सुजलीत, जूनमध्ये परत मोजणे.' 'हिला वाटतं हात मोठा आहे. नाही.' 'करवतीने करंगळी गेली, आता दुसऱ्या बोटावर जोर.' प्रोग्रॅममध्ये अशा गोष्टींना जागा आहे, पण साठ अक्षरांचीच. करंगळी बसली, करवत बसली नाही.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

आज जे दिसलं ते लिहूनच ठेवते.

शेवटच्या वर्षाची कार्डं लिनेटने आधीच भरून ठेवली होती. मला म्हणाली, ती तू बघू नकोस. मी अर्थातच बघितली. माझी मैत्रीण आर्लिस, तिचं कार्ड काढलं. नॉर्बच्या अक्षरात स्पष्ट लिहिलंय: अंगठ्याचं भोक तीन सूत आत, म्हणजे तळहाताकडे कललेलं. पडद्यावर: तीन सूत बाहेर.

वाटलं, टंकताना चूक झाली असेल. मग दुसरं काढलं. तिसरं. कुठे आत-बाहेर उलटं, कुठे डावं-उजवं. दुपारपर्यंत एक्केचाळीस निघाली. सगळी त्याच्या शेवटच्या वर्षातली. एक्केचाळीस म्हणजे चूक नाही, कारभार आहे.

आर्लिसच्या जुन्या कार्डांवर पंधरा वर्षं 'बाहेर' होतं हे खरं. पण नॉर्ब म्हणायचाच, हात बदलतो. त्याने 'आत' केलं म्हणजे त्याला काहीतरी दिसलं असणार.

मी लिनेटला सरळ न विचारता विचारलं, "बाबांच्या कार्डांतले आकडे तू जसेच्या तसे घातलेस ना?"

ड्रिलमशीन पुसत होती. मान वर केली नाही. "सगळं बघून घातलंय, आई."

"काय बघून?"

"हात बघून."

म्हणजे बापाने हात बघितला नव्हता. चौतीस वर्षं तो डोळे मिटून भोकं पाडत होता.

मला आता सगळं आठवतंय. शेवटच्या वर्षी ती त्याला रोज साडेअकराला घरी पिटाळायची. "बाबा, जा, आईने सूप केलं असेल." शाळकरी पोराला पिटाळावं तसं. तो येऊन मुकाट्याने टेबलाशी बसायचा, कधी चमचा हातातून पडायचा इतका वैतागलेला असायचा. मी विचारायचे, काय झालं? म्हणायचा, काही नाही, लिनेटला दुकान मोकळं हवंय. आता कळलं कशाला हवं होतं.

१९ ऑक्टोबर, सोमवार

लिनेट बॉलची नवी खेप आणायला मिलवॉकीला गेली होती. मी एक्केचाळीसही नोंदी सुधारल्या. कार्ड शेजारी ठेवून, अक्षर न् अक्षर पडताळून. सकाळी आठ ते दुपारी दोन, मध्ये फक्त कॉफी.

आता नॉर्बने जे लिहिलं तेच त्या यंत्रात आहे. बरं वाटलं. खूप दिवसांनी घरी येताना गाडीत रेडिओ लावला.

३० ऑक्टोबर, शुक्रवार

आर्लिसबरोबर मासे खायला गेले. सत्तर वर्षांची बाई, दोन प्लेट मासे, आणि वर ब्रँडी. म्हणते, तळलेलं शुक्रवारी मोजायचं नसतं.

जानेवारीच्या शहर स्पर्धेसाठी तिने नवा बॉल सांगितलाय. "जांभळा," म्हणाली. "माझ्या वयात जांभळा बॉल घेऊन गेलं की समोरची टीम आधी हसते. हसताना लोक वाईट खेळतात."

"माप घेतलं लिनेटने?"

"माझं माप आहे तिच्याकडे. या हाताचं आता नवीन काय व्हायचंय?" अंगठा दाखवला. सांध्यात तो काठीसारखा ताठ आहे.

मी म्हटलं, "नॉर्बचं माप आहे ते. शेवटचं त्यानेच घेतलं होतं."

आर्लिसने ब्रँडीतली चेरी काढून खाल्ली. मग म्हणाली, "नॉर्ब फार चांगला माणूस होता," आणि कोबीच्या कोशिंबिरीबद्दल बोलायला लागली. लोकांना मेलेल्या माणसाबद्दल एका वाक्याच्या पुढे बोलता येत नाही.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

काल लीगच्या वेळी आर्लिस पडली.

नवा बॉल कालच हातात आला होता. पहिले दोन टाकले, म्हणाली, जरा घट्ट आहे, नवा आहे, सैल होईल. तिसऱ्याला हात पुढे गेला, बॉल सुटला नाही. अंगठा आतच धरला गेला. बॉलने तिला रेषेच्या पुढे ओढलं आणि लेनवरच्या तेलावर ती आडवी झाली. मी मागच्या बाकावर पत्त्यांचा शीप्सहेड खेळत होते. पत्ते पडल्यासारखा आवाज आला, पण पत्ते माझ्या हातातच होते.

अंगठ्याच्या मुळाशी स्नायूची दोरी तुटली आहे. मनगटाच्या हाडाला चीर. शस्त्रक्रिया सोमवारी. जानेवारी संपला तिच्यासाठी, कदाचित त्यानंतरचंही.

बॉल लिनेटने पाडला होता. स्पर्धेच्या गर्दीत, कितीतरी बॉल रांगेत, पडद्यावर बघून.

मी रात्रभर हेच म्हणतेय: यंत्रावर बघून. नॉर्ब असता तर हात हातात घेऊन बसला असता.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

लिनेट परवाच आर्लिसकडे जाऊन आली. सांगितलं, चूक माझी, मी मापाची दिशा उलटी लावली. डिकीलाही तेच सांगितलं. त्याने सगळ्यांसमोर तिला बोलून घेतलं: "तुझ्या बापाच्या काळात असं एकदाही झालं नाही." लिनेट म्हणाली, "नाही झालं."

मी तिथेच उभी होते. मला बरं वाटायला हवं होतं. मी हेच तर म्हणत होते.

आज मला टंकायला बसू दिलं नाही. "आई, कार्डं राहू दे काही दिवस. बुटांचं कपाट लावून दे." सव्वीस जोड बूट मी मापाने लावले. कार्डांना हात लावायचा नाही, बुटांना लावायचा. कसली शिक्षा आणि कशाची, ते काही ती बोलली नाही. फार गोड बोलत होती. आजारी माणसाशी बोलतात तसं.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

ती लेनवर डिकीशी बोलत होती तेव्हा मी माझं नाव आणि गुप्त शब्द घालून आत शिरले. आर्लिसची नोंद उघडली. मला फक्त बघायचं होतं की लिनेटने ती पुन्हा बदलली का.

माहितीपुस्तकाच्या एकशे तेराव्या पानावर लिहिलंय, प्रत्येक नोंदीच्या मागे एक पान असतं, कोणी काय केव्हा बदललं त्याचं. मी ते पान वाचलं होतं. उघडायची गरज पडली नव्हती.

आर्लिस. सर्वांत खाली: एप्रिल दोन हजार आठ, दुपारी १२ वाजून ४ मिनिटं, लिनेट, तीन सूत बाहेर. त्याच्यावर: १९ ऑक्टोबर, व्हर्ना, तीन सूत आत. त्याच्यावर: १३ नोव्हेंबर, सकाळी ७ वाजून १० मिनिटं, लिनेटने पाहिले.

म्हणजे पडल्याच्या दुसऱ्या सकाळी तिला कळलं होतं. हे बघून मग ती आर्लिसकडे गेली आणि चूक माझी म्हणून सांगितलं.

मी बाकीच्या चाळीस नोंदींची मागची पानं उघडली. लिनेट, ११:५२. लिनेट, १२:२०. लिनेट, १२:३५. सगळ्या नोंदी साडेअकरा ते पाऊण या वेळातल्या. पहिली ऑक्टोबर दोन हजार सात, प्रोग्रॅम आला त्या आठवड्यातली.

त्या वेळी नॉर्ब माझ्या टेबलाशी सूप खात होता.

मी कोट घालून घरी आले. लिनेटला सांगितलंही नाही.

२१ नोव्हेंबर, शनिवार

ती सकाळी स्वतःच आली, बेकरीतले हार्ड रोल, ते कडक पाव, घेऊन. मी ते टेबलावर तसेच ठेवले.

"काल न सांगता गेलीस," ती म्हणाली.

"तो उलटी भोकं पाडत होता का?"

ती बसली. कोट काढला नाही.

"रोज नाही," म्हणाली. "आठवड्यातून एखादं. आत-बाहेर उलटं व्हायचं. हात नीट मोजायचा, लिहिताना फिरायचं. मग जे लिहिलंय तसंच पाडायचा. तो जेवायला गेला की मी अंगठ्याच्या भोकातला प्लास्टिकचा गाभा काढायचे, नवा बसवायचे, बरोबर पाडायचे. पाऊण तास लागतो. म्हणून साडेअकराला."

"आणि कार्ड?"

"कार्डं तो रोज चाळायचा, आई. खाडाखोड दिसली असती. कॉम्प्युटर त्याला उघडता येत नव्हता. खरं माप कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं ना?"

दोन वर्षं मी त्या यंत्राला शिव्या घातल्या.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू त्याला डॉक्टरकडे ओढून नेलं असतंस."

"हो, नेलं असतं. न्यायलाच हवं होतं."

"त्याला नको होतं."

"तुला कसं माहीत त्याला काय हवं होतं?"

लिनेटने रोलची पिशवी बाजूला सरकवली. "एकदा दारात थांबून म्हणाला, 'आज दोन आहेत, लिनेट. मी जरा सावकाश जेवून येतो.'"

मी उठून खिडकीशी गेले. त्याला माहीत होतं. माझ्यासमोर बसून सावकाश सूप खात होता, आणखी एक वाटी मागत होता, आणि मला वाटायचं सूप आवडलं. माझ्यापासून लपवायला दोघं एकत्र होते. एक दुकानात, एक माझ्या स्वयंपाकघरात.

"आणि आता तू माझी चूक स्वतःवर घेतलीस," मी म्हटलं. "मीही जेवायला जाऊ का रोज साडेअकराला?"

"आई, मी फक्त..."

"मला बुटांचं कपाट लावायला दिलंस."

ती रडली. मी रडले नाही. मला इतका राग आला होता की मी तिच्यासाठी अंडी तळली, आणि ती जळली.

सोळा महिन्यांत मी डिकीवर रागावले, डॉक्टरांवर, पास्टरवर, लिनेटवर. नॉर्बवर आज पहिल्यांदा.

२२ नोव्हेंबर, रविवार

चर्चमधून परस्पर आर्लिसकडे. टीव्हीवर पॅकर्सचा फुटबॉलचा सामना लावून बसली होती, हात कोपरापर्यंत बांधलेला, उशीवर.

"कॉफी स्वतःची स्वतः घे," म्हणाली. "मला सध्या एकच हात आहे."

मी उभ्यानेच सांगितलं. तुझा हात लिनेटने नाही, मी मोडला. लिनेटने बरोबर घातलेलं माप मी फिरवलं.

तिने टीव्हीचा आवाज बंद केला. "कार्डावरचं परत घातलंस?"

"हो."

"तुला माहीत नव्हतं? नॉर्बचं?"

"नाही."

"मी एकदा दुपारी गेले होते. लिनेट माझाच बॉल परत पाडत होती. मला म्हणाली, बोलू नका. मी नाही बोलले. पण मला वाटलं, घरात तरी तुला..." तिने उशी नीट केली. "निम्म्या लीगला माहीत होतं, व्हर्ना."

"आणि मला एकानेही सांगितलं नाही."

"तुला कोण सांगणार? डिकी एकदा म्हणाला नॉर्ब हळू झालाय, तर तू त्याच्यावर बशी फेकलीस."

"फेकली नव्हती. ठेवली होती."

"त्याच्या मांडीवर. भरलेली."

मला हसू आलं, तिला आलं नाही. ती म्हणाली, "हे बघ. सत्तावीस वर्षं मी शहर स्पर्धा चुकवली नाही. नवरा गेला त्या वर्षीसुद्धा गेले. तुला सांगून हलकं वाटलं असेल. मला नाही वाटलेलं. लिनेटवर रागावणं सोपं होतं, ती तरुण आहे. तुझ्यावर रागावायला मला वेळ लागेल, आणि तो मी घेणार आहे."

"घे."

"जा आता. जायच्या आधी माझ्या बुटांची नाडी बांध. सकाळपासून लोंबतेय, आणि मी शेजारणीला सांगणार नाही."

मी खाली बसून दोन्ही बूट बांधले. तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

डिकीला मी सकाळीच गाठलं. चूक कोणाची ते त्याला सांगितलं, आणि नॉर्बच्या काळात असं होत होतं हेही. तो 'बरं बरं' म्हणत मशिनांकडे निघून गेला. सगळ्यांसमोर बोलला होता, म्हणून मीही सगळ्यांसमोर सांगितलं.

बाकीच्या चाळीस जणांपैकी कोणाचा बॉल मधल्या काळात पाडला गेला नाही, हे लिनेटने तपासलं होतं. तरी ठरवलं, त्या प्रत्येकाला बोलवायचं आणि हात पुन्हा मोजायचा. फोन मी करणार. पण आधी नोंदी बरोबर करायच्या. लिनेट म्हणाली, मी करते. मी म्हटलं, फिरवल्या मी, मीच सरळ करणार.

आकडा बदलला की खाली एक चौकोन येतो, हाही साठच अक्षरांचा: बदलाचे कारण. रिकामा सोडला तरी चालतो. गेल्या वेळी मी रिकामाच सोडला होता, कारण मला वाटलं होतं की कारण स्वच्छ आहे.

आर्लिसच्या नोंदीत आधी लिहिलं, 'टंकताना चूक.' खोडलं. 'कार्ड नीट लागले नाही.' तेही खोडलं. चौतीस वर्षांत त्याचं अक्षर एकदाही न लागण्यासारखं नव्हतं. बाहेर कोणीतरी दहाच्या दहा पिना पाडल्या आणि ओरडा झाला. मी तेवढा वेळ थांबले. मग लिहिलं:

'नॉर्बने दिशा उलटी लिहिली. लिनेटने सुधारली. मी बिघडवली. व्हर्ना.'

मोजलं. साठाच्या आत बसलं.

लिनेट मागे येऊन उभी होती. तिने वाचलं. म्हणाली, एकदा लिहिलं की ते उचलून पुढच्यात चिकटवता येतं, परत परत टंकायला नको. मी म्हटलं, माहीत आहे, पुस्तकात आहे.

चाळीस उरली होती. प्रत्येक वेळी त्याच्या नावापासून सुरुवात करून मी ते पुन्हा टंकलं.